मुंबईचा जळालेला वाडा

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे आपण शाळेत शिकलो. त्याआधी ते तेथे जाळपोळ करून गेले होते, हे सहसा सांगितले जात नाही. ऑक्टोबर १६२६ मध्ये पोर्तुगीज आरमाराच्या शोधात निघालेली इंग्रज व डच जहाजे मुंबईस आली. सुमारे ३०० माणसे किनाऱ्यावर उतरली. लोक आधीच पळाले होते. वखार, मठ आणि गढी असे तिन्ही असलेला मोठा वाडा, कित्येक घरे, बांधणीतली दोन जहाजे, सारे पेटवून रविवारी सकाळी मंडळी जहाजांवर परतली. रविवारी! दोन्ही पक्ष ख्रिस्ती. पण व्यापारापुढे त्या नात्याची कोणी पत्रास ठेवली नाही, असे आम्हांस वाटते. पुढे १६६१ च्या विवाहतहात हेच बेट दुसऱ्या चार्ल्सला मिळाले. प्रत्यक्ष ताबा मात्र गोव्याच्या व्हाइसरॉयने १६६५ पर्यंत दिला नाही.