मारुतीच्या छातीला पाणी लागलं की…

माझं पोटापाण्याचं काम डॅशबोर्ड बनवण्याचं. सर्व्हरवर ताण किती, हे हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांत दाखवायचं. त्यामुळे गोदाकाठचा फ्लॅट बघायला गेलो तेव्हा सेल्समनचं 'सर, इथे पाणी येत नाही' मला पुरेसं वाटलं नाही. सोबतच्या मामांनी तर एकच विचारलं, "मारुतीच्या छातीला लागतं तेव्हा इथे कुठवर असतं?" तो गप्प झाला.

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो. रामकुंडाजवळ नदीतच दुतोंड्या मारुती उभा आहे. गुडघा, कंबर, छाती, गळा ही आमच्या पुराची मोजपट्टी. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हा आकडा बातमीत येतो, पण माल वर कधी हलवायचा हे सराफ बाजाराला कळतं ते 'कंबरेला आलं' या दोन शब्दांत. लॉगिन नको, अ‍ॅप नको. असा इंटरफेस मला अजून जमलेला नाही.

या सेन्सरची रेंज मात्र मर्यादित. 4 ऑगस्ट 2019 ला मारुती अख्खा बुडाला, म्हणजे मोजपट्टीच संपली. त्याच्या वरचा टप्पा आहे 1747 च्या नारोशंकर मंदिराची घंटा. तिच्यावर 1721 साल युरोपीय अंकांत आहे. वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आणलेली, असं सांगतात. कुठल्याशा चर्चसाठी ओतलेली घंटा आमचा पूर मोजते! पाणी घंटेला लागलं की तो महापूर.

इथे नगरपालिका आली 1864 ला, महापालिका 1982 ला. 2016 ला स्मार्ट सिटीच्या यादीत नाव लागलं आणि अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका स्मार्ट रोड झाला. त्या रस्त्याच्या खोदकामावर शहरभर जेवढी चर्चा झाली, त्याच्या निम्मीही पूररेषांवर मी ऐकलेली नाही. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे अटींसह परवानगी. रेषा नकाशावर आहेत. काठावर उभं राहून त्या दिसत नाहीत.

नकाशा मिळवला, तर आमची बिल्डिंग दोन रेषांच्या मधे निघाली. सगळं कायदेशीर, ब्रोशरमध्ये मात्र उल्लेख नाही. मामा मला मागच्या गल्लीतल्या एका आजोबांकडे घेऊन गेले. त्यांनी ओट्याच्या तिसऱ्या पायरीवर काठी टेकवली. "एकोणसत्तर साली इथवर."

ती पायरी आमच्या पार्किंगपेक्षा उंच होती. टोकनचे पैसे परत मागितलेत.