लूविन बंधूंचे अग्रस्थान

१९५६ च्या आरंभी ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या कंट्री संगीताच्या क्रमवारीत लूविन बंधूंचे एक गीत पहिल्या स्थानी पोहोचले. ‘आय डोन्ट बिलीव्ह यू’व्ह मेट माय बेबी’ हे त्याचे नाव. आयरा आणि चार्ली हे दोघे भाऊ स्वतः उत्तम गीतकार होते. पण हा मान मिळाला तो ऑट्री इनमन यांच्या गीताला, आणि पुन्हा कधीही मिळाला नाही. शिवाय ते भक्तिगीत नव्हते, साधे प्रेमगीत होते. आमचे मन अडखळते ते येथेच.

हे बंधू अलाबामा राज्यातील सँड माउंटनच्या परिसरातले, कापूस पिकविणाऱ्या गरीब घरातले. मूळ आडनाव लाउडरमिल्क. तेथील बाप्टिस्ट मंडळींत ‘सेक्रेड हार्प’ नावाची सामूहिक स्तोत्रगायनाची परंपरा आहे. तिच्या पुस्तकांत स्वरांना त्रिकोण, चौकोन, वर्तुळ व समभुज चौकट असे आकार दिलेले असतात, म्हणजे संगीतशिक्षण नसलेला शेतकरीही ते वाचू शकतो. सेमिनरीत स्वरलिपीशी झगडलेल्या आम्हांला या युक्तीचा हेवाच वाटतो! याच संस्कारातून दोघांचे युगलगान घडले. आयराचा आवाज अतिशय उंच, चार्लीचा त्याखालचा. आणि एखाद्या ओळीच्या मध्यावरच दोघे आपापले स्वर इतक्या सहज बदलीत, की कोण कोणता स्वर गातो हे ऐकणाऱ्यास उमगू नये.

कॅपिटॉल कंपनीने त्यांना प्रथम घेतले ते भक्तिगीतांसाठीच. परंतु रेडिओवरील कार्यक्रमांचा खर्च तेव्हा जाहिरातदार उचलीत, आणि भक्तिगीतांनी तंबाखू विकली जात नाही, असे अशाच एका पुरस्कर्त्याने या बंधूंना ऐकविल्याचे सांगतात. १९५५ साली ते नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’मध्ये दाखल झाले. त्याच वर्षी ‘व्हेन आय स्टॉप ड्रीमिंग’ हे त्यांचे प्रेमगीत पहिल्या दहांत आले, आणि त्यापाठोपाठ हे अग्रस्थान.

त्या काळी ‘बिलबोर्ड’ कंट्री गीतांच्या तीन याद्या छापत असे : दुकानांतील विक्रीची, ज्यूकबॉक्सवरील वादनाची आणि रेडिओ निवेदकांनी लावलेल्या तबकड्यांची. एकच यादी झाली ती १९५८ मध्ये. लूविन बंधू वर चढले ते रेडिओच्या यादीत. ज्या रेडिओपायी त्यांनी प्रेमगीते हाती घेतली, त्यानेच त्यांना शिखरावर नेले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु वर्ष मोठे विचित्र होते. काही आठवड्यांतच एल्व्हिस प्रेस्ली यांचे ‘हार्टब्रेक हॉटेल’ आले, आणि तरुणांचे कान रॉक अँड रोलकडे वळले. लूविन बंधूंची आणखी काही गीते पहिल्या दहांत आली, पुढे ओघ आटत गेला. भक्तिगीते मात्र त्यांनी सोडली नाहीत. १९५९ मधील त्यांचा ‘सेटन इज रिअल’ हा संग्रह आज त्यांच्या अग्रस्थानी गेलेल्या गीताहून अधिक आठवला जातो.

आयराच्या मद्यासक्तीने आणि तापटपणाने १९६३ मध्ये जोडी फुटली. २० जून १९६५ रोजी मिसुरी राज्यात मोटार अपघातात त्याचा अंत झाला. चार्ली २०११ पर्यंत जगला. दरम्यान, १९७५ साली एमिलू हॅरिस या गायिकेने ‘इफ आय कुड ओन्ली विन युअर लव्ह’ हे याच बंधूंनी रचलेले गीत गाऊन कंट्री क्रमवारीत चौथ्या स्थानी नेले. तेव्हा आयराला जाऊन दहा वर्षे झाली होती.