लाँग केस : खाटेजवळच्या परीक्षेचा मागोवा

इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलात फायनल प्रॉफच्या, म्हणजे एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेच्या, दिवशी वॉर्डातल्या काही खाटांना एकदम भाव येतो. प्रत्येक खाटेशी एक परीक्षार्थी. एप्रनच्या खिशात टेप, टॉर्च आणि गुडघ्यावर ठोकायची हातोडी. पाऊण-एक तासात पेशंटची सगळी हकीकत काढायची, त्याला तपासायचं आणि मग एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, उभं राहून निदान मांडायचं. हीच लाँग केस. थिअरीच्या पेपरांना न डगमगलेल्या मुलांच्याही तोंडाला इथे कोरड पडते.

ही खाट परीक्षेत शिरली ती तशी उशिरा. विलायतेत डॉक्टरकीची परीक्षा हा फार काळ विद्वत्तेचा मामला होता. एडिंबरोत तर 1830च्या दशकापर्यंत ती लॅटिनमधून चाले. आजारी माणूस समोर ठेवून विद्यार्थ्याला पारखायची पद्धत केंब्रिजने 1840च्या दशकात आणली. त्याच दशकात, 1845 साली, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं आणि त्याच्या अंगणातच जे. जे. हॉस्पिटल होतं. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांचा जोर वॉर्डातल्या शिक्षणावर होता. भाऊ दाजी लाड 1851 साली बाहेर पडले ते इथल्याच पहिल्या तुकडीतून.

इंदूरला मेडिकल स्कूल आलं 1878 मध्ये. पुढे त्याला किंग एडवर्डचं नाव मिळालं. इथून निघत ते एलएमपी, म्हणजे परवानाधारक डॉक्टर, पदवीधर नव्हेत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला गावात जो डॉक्टर भेटला, तो बहुधा या जातकुळीचा. मात्र 1946 साली भोर समितीने शिफारस केली की देशात यापुढे एकाच दर्जाचा डॉक्टर घडवावा. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे. त्यांचा जन्मही 1878चा, इंदूरच्या शाळेच्याच वर्षातला. त्यांच्या अहवालानंतर दोन वर्षांत, 1948 साली, इंदुरात महात्मा गांधी स्मृती मेडिकल कॉलेज उभं राहिलं आणि एमबीबीएस सुरू झालं.

त्या पहिल्या वर्गात मुलगी एकच होती. उज्जैनजवळच्या महिदपूरच्या मराठी घरातली. 1952 साली ती पास झाली. इंदूर तिला डॉ. भक्ती यादव म्हणून ओळखतं. बाळंतपणं करण्यात जन्म गेला. 2017 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या.

कॉलेज निघाल्यापासून परीक्षा घेणारं विद्यापीठ कितीदा तरी बदललं. आधी आग्रा, मग उज्जैनचं विक्रम, 1964 पासून इंदूरचं स्वतःचं, आणि आता जबलपूरचं वैद्यकीय विद्यापीठ. मार्कशीटवरचे शिक्के बदलत गेले, खाट तिथेच राहिली. वाचायचं पुस्तकही फारसं हललं नाही. पेशंट कसा तपासायचा हे शिकवणारं ‘हचिसन’ पहिल्यांदा निघालं 1897 मध्ये. नव्या नव्या आवृत्त्यांनी ते आजही पोरांच्या टेबलावर आहे.

इंदूरची खरी गोम मात्र पुस्तकात सापडत नाही. पेशंट माळव्यातला. तो म्हणतो, ‘घबराहट होती है’. आता ही घबराहट म्हणजे छातीतली धडधड, दम, मळमळ की नुसती भीती? विद्यार्थ्याला यातलं एक निवडून इंग्रजीत सांगायचं असतं, आणि तिथे चुकला की पुढचं सगळं निदान वाकडं. ऑक्टोबर 2022 मध्ये भोपाळला हिंदीतल्या एमबीबीएस पुस्तकांचा मोठा सोहळा झाला. पण हकीकतीचा अर्धा भाग पहिल्यापासून हिंदी-माळवीतच चालत आलाय, याची आठवण फारशी कुणी काढली नाही.

दुसरी गंमत जुन्या पेशंटांची. हृदयाची झडप अरुंद झालेला किंवा प्लीहा वाढलेला माणूस वर्षानुवर्षं परीक्षेला बोलावला जातो. त्याला आपलं निदान पाठ असतं, आणि परीक्षार्थीचा चेहरा उतरला तर ते कानात सांगण्याइतकी मायाही असते. मला यात कॉपी दिसत नाही. पेशंट बोलता झाला, हेही कसबच.

आक्षेप आहेतच. एकाला सोपी खाट मिळते, दुसऱ्याला अवघड. सगळा नशिबाचा खेळ. अमेरिकेच्या फिजिशियन बोर्डाने 1972 मध्ये खाटेजवळची तोंडी परीक्षा बंद केली. 1975 मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी ‘ऑस्की’ मांडली : ओळीने टेबलं, प्रत्येकावर ठरावीक मिनिटांचं एक काम, सगळ्यांना सारखंच. आता ती आपल्याकडेही आली आहे, आणि सोबत रबरी पुतळेही. सुश्रुतसंहिताही शस्त्राचा हात आधी कोहळ्या-काकडीवर बसवायला सांगते, त्यामुळे पुतळ्याला नाक मुरडायचं कारण नाही. पण पुतळ्याला घबराहट होत नाही. लाँग केसमधलं नशीब मला मंजूर आहे. ओपीडीतही सोपा पेशंट निवडून मिळत नाही.

तुमचं कुणी एम. वाय.मध्ये दाखल असेल आणि वही घेतलेला एखादा पोरगा संकोचत खाटेशी आला, तर त्याला हाकलू नका. घबराहट होते म्हणजे नेमकं काय होतं, तेवढं त्याला सावकाश सांगा.