नाम जपणं

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत आपण एकच काम केलं, टाळ वाजवून मोठ्यानं नाम घेतलं. पण देवाचं मूळ नाव तोंडानं उच्चारायचंच नाही, अशी रीत पाळणारे लोक आपल्याच महाराष्ट्रात हायेत. ते म्हणजे कोकणातले बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू.

त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. वाचले ते गावोगाव राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पोथ्या गेल्या, भाषा गेली. राहिली एक प्रार्थना, शेमा. शेमा म्हणजे ऐक. देव एकच, हे ती सांगते. जन्म असो, लग्न असो, मयत असो, तीच म्हणायचे. बघा, ग्रंथ बुडाला तरी नाम तारून नेतं.

त्यांच्या देवाचं नाव चार अक्षरांचं. लिहितात, पण उच्चारत नाहीत. पोथीत आलं की 'अदोनाय' म्हणजे प्रभू म्हणतात. एरवी बोलताना 'हाशेम', म्हणजे नुसतं 'ते नाव'. पूर्वी यरुशलेमच्या मंदिरात मुख्य पुजारी वर्षातून एकदा, मोठ्या उपासाच्या दिवशी, ते उच्चारायचा. इसवी सन ७० मध्ये रोमन फौजेनं मंदिर पाडलं, तेही थांबलं.

तुम्ही म्हणाल, महाराज, ही तर आपल्या उलट रीत. पण आपल्या जुन्या बाया धन्याचं नाव घेत होत्या का? घेतलं तर उखाण्यातच. प्रेम नव्हतं म्हणून नाय, मान होता म्हणून.

त्यांची तोरा पोथी चामड्यावर हातानं लिहितात. चूक झाली तर खरवडतात, पण देवाच्या नावावर सुरी चालवत नाहीत. तो तुकडाच बाजूला ठेवून दुसरा लिहितात. जुन्या पोथ्या फेकत नाहीत, माणसासारख्या पुरतात. तोवर ठेवायच्या जागेला गनिझा म्हणतात.

आणि हेच लोक १८८० च्या सुमारास मुंबईत मराठी कीर्तन करू लागले. आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, पद्धत आपली. त्यांनी आपल्याकडून कीर्तन घेतलं, आपण त्यांच्याकडून काय घ्यावं?

वारीच्या वाटेवर विठ्ठलाच्या चित्राची पत्रकं चिखलात तुडवली जातात. लग्नपत्रिकेवर गणपती, आणि पत्रिका उकिरड्यावर. बाजारात म्हातारा बैल विकताना पांडुरंगाची शपथ. त्यांच्या दहा आज्ञांमधली एक आज्ञाच हाय, देवाचं नाव फुकट वापरू नका. आपल्याकडेही नामाचे दहा अपराध सांगितलेत.

आपल्या मराठीत 'जपणं' या एका शब्दाचे दोन अर्थ. एक जप करणं, दुसरा सांभाळणं. पहिला आपण शंभर वर्षं केला. दुसराही करावा.

हा अंक जीर्ण झाला, तर रद्दीत घालू नका माउली. शेताच्या बांधाला खड्डा करा आणि मातीला द्या.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल.