साठीनंतर पेटी, तबला किंवा खंजिरी शिकताना

साठीनंतर वाद्य शिकता येतं का, हा प्रश्न घाटंजीच्या आसपास बहुधा भजनी मंडळात बसल्यावर पडतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) खंजिरी भजनाची सवय विदर्भातल्या अनेकांच्या कानाला लहानपणापासून असते. वाजवायचं मात्र राहून गेलेलं असतं.

शिकता येतं. मेंदूची नव्या जोडण्या करण्याची क्षमता वयाबरोबर मंदावते, पण संपत नाही. बोटं सुरुवातीला ऐकत नाहीत, एवढंच. एकदम तासभर बसण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं बसा. शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते, त्यामुळे काल न जमलेला पलटा आज सहज निघाला तर नवल वाटू देऊ नका.

स्मृतिभ्रंश टळतो का? २००३ साली न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाद्य वाजवणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं. पण मुळात मेंदू धडधाकट असणारेच वाद्य वाजवत राहतात, असंही असू शकतं. म्हणून पेटीला औषध समजू नका. आवडते म्हणून शिका. तेवढं कारण पुरेसं आहे.

खरी अडचण सांध्यांची. गुडघे झिजले असतील तर मांडी घालण्याचा हट्ट नको. खुर्चीवर बसा आणि पेटी टेबलावर ठेवा. सूर तोच निघतो. मधुमेह असेल तर बोट वाकून अडकणं आणि खांदा आखडणं हे त्रास जास्त होतात. सकाळी बोट टचकन आवाज करून उघडत असेल तर रियाज थांबवून डॉक्टरांना दाखवा. कापूस वेचणीच्या दिवसांत बोटं आधीच दुखावलेली असतात, तेव्हा तबल्याला सुट्टी दिलेली बरी. वाजवल्यावर हात थोडा दुखणं चालेल. पण दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर वेळ निम्मा करा. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबलेली असू शकते.

कानांकडेही लक्ष द्या. लहानशा देवळात टाळ-झांजांचा आवाज आणि त्यावर लाऊडस्पीकर, हे कानांना फार होतं. भजनानंतर कानात शिट्टी वाजत असेल तर स्पीकरपासून लांब बसा. ऐकू कमी येतंय असं घरचे म्हणत असतील तर तपासणी करून घ्या. ऐकूच नीट आलं नाही तर सूर लागणार कसा?

आता सर्वांत महत्त्वाचं. पेटीचा भाता बहुतेक जण डाव्या हाताने ओढतात, त्यामुळे डावा हात दुखला की ‘भात्यामुळे असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप किंवा जबड्यात कळ असेल तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. मधुमेहात छातीत न दुखताही झटका येतो. तसंच काल चालणारा हात आज अचानक जड झाला, बोटांतून वस्तू निसटू लागली, तोंड वाकडं झालं किंवा शब्द अडखळले, तर तो रियाजाचा थकवा नव्हे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. घाटंजीहून यवतमाळला पोहोचायलाही वेळ जातोच. त्यामुळे ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका, लगेच १०८ला फोन करा.