कँटनचे चिनी शिक्षक

परकीयाने एखाद्या देशाची भाषा शिकावी, यात राजद्रोह तो कसला, असे आज कोणासही वाटेल. परंतु चिंग राजवटीच्या कँटन बंदरात परक्या व्यापाऱ्यास चिनी शिकविणे हा प्राणसंकटाचा व्यवसाय होता. १७५९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या जेम्स फ्लिंट या दुभाष्याने कँटनच्या अंमलदारांविरुद्धचा अर्ज थेट तिएनत्सिनपर्यंत नेला, तेव्हा दरबाराने त्यास मकाव येथे तीन वर्षे कैदेत ठेवले. तो अर्ज लिहिण्यास साहाय्य करणाऱ्या चिनी इसमाचा मात्र शिरच्छेद झाला. १८०७ मध्ये धर्मोपदेशक रॉबर्ट मॉरिसन कँटनला उतरला, तेव्हाही ही दहशत ओसरली नव्हती. पकडले गेल्यास छळ सोसावा लागू नये म्हणून त्याचा एक शिक्षक जवळ विष बाळगीत असे, असे सांगतात.

इतक्या सायासाने हाती येणारी भाषा पुष्कळदा ग्रंथांतली असे, आणि ग्रंथ व बोली यांतील अंतर शरीराच्या अवयवांच्या नावांत जितके ठळक दिसते तितके अन्यत्र क्वचितच. डोळ्यास 'मू', मुखास 'खौ' आणि मस्तकास 'शौ' हे प्राचीन ग्रंथांतले शब्द मुखोद्गत केलेला विद्यार्थी पेकिंगच्या बाजारात गेला, की तेथे 'येनचिंग', 'च्वै' आणि 'नाओताइ' हीच नाणी चालत. व्यापाऱ्याचे काम मोडक्या मिश्रभाषेवर भागे. पण १८३५ मध्ये कँटनला नेत्ररुग्णालय काढणाऱ्या पीटर पार्करसारख्या वैद्यापुढे बसलेला रोगी आपली व्यथा पंडिती भाषेत थोडीच सांगणार होता?

१८४४ च्या वांगशिया तहनाम्याने अमेरिकनांना चिनी पंडित शिक्षक म्हणून ठेवण्याची उघड मुभा मिळाली, आणि १८६० नंतर पेकिंगात परकी वकिलाती आल्यावर राजधानीच्या बोलीस महत्त्व चढले. १८६७ मध्ये ब्रिटिश वकिलातीतील टॉमस वेड याने त्या बोलीचे जे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले, त्यात डोके, कान, डोळे, दंड यांची रोजच्या व्यवहारातली नावे धड्यांतून शिकविलेली होती. परंतु त्याच्या सिद्धतेमागे इंग लुंगथ्येन या चिनी शिक्षकाचे परिश्रम होते.

वेड पुढे १८८८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाचा चिनी भाषेचा पहिला प्राध्यापक झाला. त्याची आणि मॉरिसनची विद्वत्ता निर्विवाद आहे. तथापि पाश्चात्त्यांच्या चिनी विद्येचा इतिहास लिहिताना पहिला मान, जिवावर उदार होऊन शिकविणाऱ्या त्या बहुतांशी अनामिक शिक्षकांनाच दिला पाहिजे.