इलेक्ट्रॉनिक कुलपातील घट बदलणे

इलेक्ट्रॉनिक कुलपातील घट बदलणे : दाराच्या आतल्या अंगास बसविलेले विद्युत्‌घट (बोलण्यात ‘सेल’) क्षीण झाले असता ते काढून नवे घालण्याची क्रिया. हे कुलूप किल्लीऐवजी आकडी संकेत, बोटाचा ठसा किंवा कार्ड ओळखून एका लहानशा मोटरीने खटका सरकविते, आणि त्यास लागणारी वीज घरातील तारांतून न येता बहुधा ‘एए’ मापाच्या चार घटांतून येते. प्रत्येक घट १·५ व्होल्टचा, म्हणून एकापुढे एक जोडलेल्या चारांचा दाब ६ व्होल्ट भरतो. महावितरणचा पुरवठा दुपारभर खंडित झाला तरी दार उघडते ते यामुळेच. परंतु या स्वातंत्र्याच्या बदल्यात घट वेळेवर बदलण्याची एक कामगिरी घरमालकाच्या अंगावर कायमची पडते. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून तीन-चार पिढ्या ज्या कुलपांच्या भरवशावर घर सोडून यात्रेस गेल्या, त्यांना क्वचित तेलाचा थेंब पुरत असे. नव्या कुलपाचा खुराक मात्र चुकत नाही.

सोलापुरात बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस अशी वेशींची नावे तेवढी उरली असून, जुन्या पेठांतील वाड्यांना कडी, कोयंडा आणि आतून अडसर हा बंदोबस्त अद्याप पुरेसा वाटतो; इलेक्ट्रॉनिक कुलपे आढळतात ती जुळे सोलापूर, होटगी रस्ता या बाजूंच्या नव्या सदनिकांत. यांपैकी पुष्कळ सदनिका वर्षाचा मोठा भाग बंद असतात, कारण मुले नोकरीनिमित्त पुण्यास स्थायिक झालेली आणि आईवडील आळीपाळीने त्यांच्याकडे राहावयास गेलेले, अशी स्थिती या शहरात सर्रास आहे. प्रस्तुत विषयातील खरी अडचण येथेच उद्भवते. घटांचा दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला म्हणजे कुलूप दार उघडतेवेळी शिटीसारखा आवाज करून वा तांबडा दिवा लावून ताकीद देते, आणि त्यानंतरही काही दिवस काम देत राहते. पण ती ताकीद ऐकण्यास दार उघडणारा मनुष्य लागतो. बंद घराचे कुलूप कोणासही वर्दी न देता थकते, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी आलेले कुटुंब सामानासह जिन्यात तिष्ठत राहते. ज्यांची कुलपे घरातील वायफायवरून मोबाइलवर निरोप पाठवितात त्यांना ही भीती कमी, असे विक्रेते सांगतात. मात्र त्या सोयीपायी घट अधिक लवकर संपतात, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते.

घट आतल्या बाजूस आणि मालक बाहेर, या पेचातून सुटण्याची तजवीज निर्मात्यांनी केलेली असते. आकड्यांच्या पट्टीच्या तळाशी धातूचे दोन ठिपके असल्यास त्यांस ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून, अथवा यूएसबीचे छिद्र असल्यास पॉवर बँक जोडून कुलपास तेवढ्यापुरती वीज द्यावी, आणि ती जोडलेली असतानाच नेहमीचा संकेत द्यावा. याने आतले घट भरत नाहीत. केवळ दार उघडते. काही कुलपांत झाकणाआड किल्लीचे छिद्रही असते, पण ती किल्ली आतल्या कपाटात जपून ठेवण्याची वहिवाट विचारी माणसांच्या घरीही दृष्टीस पडते.

बदलाची क्रिया दार उघडे ठेवूनच करावी. आतले झाकण काढून चारही घट एकदम बाहेर घ्यावेत; जुन्यांत एखादा नवा मिसळला तर क्षीण घटावर उलटा भार येऊन तो पाझरतो. धन व ऋण टोकांची खातरजमा करून नवे घट बसवावेत, आणि दार लावण्यापूर्वी खटका दोन-तीन वेळा आतबाहेर करून पाहावा. संकेत व ठसे वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत साठविलेले असल्यामुळे सामान्यतः ते पुसले जात नाहीत. कार्डाने उघडणाऱ्या हॉटेलांतील कुलपांची गोष्ट निराळी : कार्डाची मुदत कुलपातील घड्याळ ठरविते, आणि ते चुकल्यास घट बदलल्यावर वेळ पुन्हा लावावी लागते.

घटांची निवड हा उपेक्षित परंतु महत्त्वाचा भाग होय. ल्यूइस उरी या कॅनेडियन रासायनिक अभियंत्याने १९५० च्या दशकात व्यवहारोपयोगी केलेला अल्कलाइन घट येथे योग्य ठरतो, कारण त्याचा दाब हळूहळू उतरतो आणि ताकदीचा अंदाज त्यावरूनच कुलूप बांधते. भिंतीवरील घड्याळात चालणारे स्वस्त झिंक-कार्बन घट मोटरीच्या झटक्याला पुरे पडत नाहीत. पुन्हा भरता येणारे निकेल-धातू-हायड्राइड घट मुळातच १·२ व्होल्टचे असल्याने कुलूप त्यांना पहिल्या दिवसापासून क्षीण समजू शकते. लिथियमचे एकदाच वापरावयाचे घट दाब शेवटपर्यंत टिकवून एकाएकी बसतात, त्यामुळे ताकीद उशिरा मिळते.

सोलापूरचा एप्रिल-मे महिन्यांतील पारा अनेकदा ४०° से. च्या वर जातो, आणि पश्चिमाभिमुख दारावर ऊन येत असेल तर कुलपाच्या पोटातील उष्णता त्याहून अधिक होते. उष्णतेने घट न वापरताही झिजतो व त्यातील पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरून स्प्रिंगांवर पांढरी पुटे चढतात. ती हातमोजे घालून, लिंबाच्या रसात किंचित भिजविलेल्या कापसाने पुसून जागा कोरडी करावी. वारंवार घट संपत असतील तर दोष घटांचा न मानता आधी सुताराला बोलवावे : पावसाने फुगलेले किंवा बिजागरीतून उतरलेले दार खटक्याला चौकटीतील घरात सरळ जाऊ देत नाही, आणि अडलेल्या खटक्याशी झगडताना मोटर कित्येक पट वीज खाते.

काढलेले घट घंटागाडीतील ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकणे गैर होय. केंद्र शासनाच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते घरगुती कचऱ्यापासून वेगळे काढून संकलनाकडे सोपविण्याची जबाबदारी ग्राहकावर आहे.